महाराणी, गाय आणि पाकाचे लाडू

हॅरो
९ ऑक्टोबर २०२५

चि. कस्तुरी,

तुला आजीचा आशीर्वाद, आणि शेजारच्या नोराबाईचा एक टोमणा. आशीर्वाद आधी घे, टोमणा पत्राच्या शेवटी आहे.

घरात चार फोन असताना आजीने कागद का खराब केला, असं म्हणशील. अगं, फोनवर तू दोनच शब्द बोलतेस. "फाइन आजी. फाइन." तुझा बाबा ते ऐकतो आणि निवांत चहा पितो. डॉक्टर आहे ना, समोरचा फाइन म्हणाला की त्याला पुढचा पेशंट दिसतो. मी मात्र तुझ्या पहिल्या आणि दुसऱ्या "फाइन"च्या मधला श्वास ऐकते. कागदावर खोटं लिहायचं तर हात दुखतो, मग माणूस कंटाळून खरं लिहितं. माझं शिक्षण चौथी, त्यातलंही अर्धं वर्ष गोवराने खाल्लं, पण एवढं मला कळतं.

इकडे सगळं बरं आहे. कौन्सिलने कचऱ्याचे दिवस बदलले, तेव्हापासून तुझी आई निळा डबा का तपकिरी, असं झोपेतसुद्धा विचारते. माझा गुडघा जागच्या जागी आहे. दुखतो, म्हणजे आहे.

आता मुद्द्याचं. बेलफास्टला जाऊन तुला महिना झाला नाही, आणि लंडनच्या कॉलेजात बदली मागायचा फॉर्म आणलास म्हणे? बारा डिसेंबरच्या आत द्यायचा म्हणे? तुझी आई नीना दाराआड बाबाला सांगत होती. मला कमी ऐकू येतं असं या घरात सगळ्यांना वाटतं, मी ते दुरुस्त करत नाही. फिजिओथेरपी शिकायची म्हणून तूच हट्टाने गेलीस ना? मग काय झालं ते लिही. मराठीत लिही, म्हणजे मला कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

नोराचा टोमणा असा: "तिला सांग, तिचं व्हायोलिन गेल्यापासून गल्लीतली मांजरं परत आली."

तुझी आजी

*

बेलफास्ट
१६ ऑक्टोबर

प्रिय आजी,

तुझा पत्र मिळाला. माझी मराठी शनिवारच्या शाळेतली आहे, हसू नको.

कॉलेज चांगलं आहे. प्रॉब्लेम घरात आहे. माझ्याबरोबर दोन मुली राहतात, शिवॉन आणि ऑर्ला. दोघी इथल्याच, टायरोन जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या, लहानपणापासूनच्या फ्रेंड्स. मी किचनमध्ये आले की त्या उभ्या राहतात आणि कमरेत वाकतात. "युअर मॅजेस्टी!" कारण माझा ॲक्सेंट लंडनचा आहे. मी कप धुतला की ऑर्ला म्हणते, "अरे देवा, महाराणींचे नोकर आज रजेवर आहेत का?" फ्रिजमध्ये माझ्या शेल्फवर त्यांनी लेबल लावलं आहे, "राजवाडा."

आजी, हॅरोमध्ये आयुष्यभर मला लोक विचारायचे, तू खरी कुठली. इथे पहिल्यांदा कोणीतरी मला इंग्लिश म्हटलं, आणि ते पण शिवीसारखं. म्हणजे मी कुठेच चालत नाही.

पहिल्या आठवड्यात दोघी किती चांगल्या होत्या. प्लीज, थँक यू, सगळं. मग काय झालं माहीत नाही. मी आता जेवण माझ्या खोलीत नेते. फॉर्म अर्धा भरला आहे. मम्माला सांगू नको, तिला वाटेल मी वीक आहे.

तुझी कस्तुरी

*

हॅरो
२२ ऑक्टोबर, पाडवा

चि. कस्तुरी,

सणाचा आशीर्वाद. "तुझा पत्र" मला सुखरूप मिळालं.

वाचून आधी माझ्या नाकाचा शेंडा लाल झाला. माझ्या नातीला वाकून दाखवतात? तशीच उठले, चपला सरकवल्या आणि नोराकडे गेले, कारण माणसं तिच्या मुलखातली, आयर्लंडची. तिने दार उघडलं आणि नेहमीसारखी म्हणाली, "ओ गॉड, यू अगेन."

या "यू अगेन"ची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. पंधरा वर्षांपूर्वी तुझे आजोबा गेले आणि मी इकडे आले. शेजार म्हणून नोराला वाटीभर खीर नेऊन दिली. "थँक यू, सो काइंड" म्हणाली. दुसऱ्यांदा तसंच, तिसऱ्यांदा तसंच. चौथ्यांदा दार उघडून म्हणाली, "ओ गॉड, यू अगेन." मी खिरीसकट परत फिरले. तीन महिने तिच्या फाटकाकडे पाहिलं नाही. मग एक दिवस तीच आली, हातात ॲपल टार्ट. म्हणाली, "काय गं, मेलीस की काय? मला वाटलं आपली मैत्री झाली!" आता बोल. मैत्री झाली म्हणून ती तसं बोलली, आणि ती तसं बोलली म्हणून मी मैत्री तोडली. या वयात तीन महिने फुकट गेले.

तेव्हा मला इस्लामपूरच्या माझ्या आत्या आठवल्या. कुणाचं तान्हं बाळ पुढ्यात आणलं की म्हणायच्या, "काय हे माकड जन्माला घातलंय!" आणि बोटाने काजळाची तीट लावायच्या, चांगली ठसठशीत. ज्या बाळाला त्या नुसतं "छान आहे हो" म्हणायच्या, त्या बाळाशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. मी हे नोराला सांगितलं तर ती टेबलावर हात आपटून म्हणाली, आमच्या गावीही हेच! तान्ह्या पोराचं उघड कौतुक केलं तर अदृश्य माणसं येऊन पोर पळवतात असं म्हणत. म्हणून आवडत्याला नावं ठेवायची. या प्रकाराला त्यांच्यात स्लॅगिंग म्हणतात.

कस्तुरी, त्या पोरी तुला तीट लावतायत, आणि तू गाल पुसत बसलीस!

मी नोराला विचारलं, हे असं वाकडं प्रेम करायला तुम्ही शिकलात कुठे? ती म्हणाली, शेकडो वर्षं जमीन इंग्रज साहेबाची, कायदा साहेबाचा, पुढे पुढे भाषासुद्धा साहेबाची. सरळ बोललं तर तुरुंग. मग चेहरा साळसूद ठेवायचा आणि असं बोलायचं, की साहेबाला वाटावं मान दिला, आणि शेजाऱ्याने घरी जाऊन पोट धरून हसावं. तिच्या पणजोबांची गाय साहेबाचा कारभारी ओढून न्यायला आला. पणजोबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "न्या हुजूर, आनंदाने न्या. पण सोबत माझी बायकोही न्यावी लागेल. गाय तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, आणि बायको कुणाचंच ऐकत नाही. दोघी एकदम गेल्या तर मी हुजुरांसाठी रोज प्रार्थना करीन." पणजी दारात फावडं घेऊन उभी होती. कारभाऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि गाय सोडून दिली. आता ही गोष्ट खरी का नोराने रचलेली, ते विचारायचं नसतं म्हणे.

तेव्हा खोलीत जेवू नकोस. टेबलावर बस आणि उलट बोल, पण चेहरा साळसूद ठेव. नोरा आणखी काहीतरी सांगत होती, कुठे बोट ठेवायचं आणि कुठे नाही असं काहीसं, पण माझं तळण राहिलं होतं, मी उठले.

सोबत रव्याचे पाकाचे लाडू पाठवते. पाक किंचित पुढे गेला का अशी मला शंका आहे, पण इथे सगळे "लव्हली" म्हणाले.

तुझी आजी

*

बेलफास्ट
३ नोव्हेंबर

प्रिय आजी,

मी जिंकले!

लाडू पोचले. शुक्रवारी शिवॉन घरी निघाली होती. ती दर शुक्रवारी दोन बसेस बदलून घरी जाते आणि दर वेळी कपड्यांची ही मोठी पिशवी घेऊन जाते. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी चेहरा साळसूद केला आणि म्हणाले, "शिवॉन, एकोणीस वर्षांची झालीस, अजून आईला तुझे कपडे धुवायला लावतेस? महाराणी मी आहे का तू?"

आजी, ऑर्लाच्या हातातला चमचा तसाच राहिला. शिवॉन "गुड वन" म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून कोणी वाकत नाही. "राजवाडा" लेबल निघालं. आता दोघी म्हणतात, "कस्तुरी, तुला दूध हवं का? कस्तुरी, सॉरी, मी तुझ्या वाटेत आहे का?" पहिल्या आठवड्यासारख्या, एकदम पोलाइट. थँक यू आजी. फक्त घर थोडं शांत झालं आहे. फॉर्म अजून ड्रॉवरमध्ये आहे.

तुझी कस्तुरी

*

हॅरो
७ नोव्हेंबर

कस्तुरी,

आज इकडचं तिकडचं काही नाही.

तुझं पत्र वाचून मी घरभर नाचले आणि नोराकडे जाऊन माझ्या मोडक्या इंग्रजीत तिला सगळं सांगितलं. ती हसेल म्हणून मी थांबले. तिने चष्मा काढला.

"पोलाइट?" म्हणाली. "किती दिवस?"

म्हटलं, आठवडा होत आला.

"दोघी पोलाइट?"

म्हटलं, दोघी, दूधसुद्धा विचारतात.

नोराने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "सुलक्षणा, त्या घरात कुणीतरी आजारी आहे. त्या पिशवीत मुलीचे कपडे नाहीत. चाळीस वर्षं वॉर्डात नर्स होते मी, अशा पिशव्या बघितल्यात. आमची माणसं दुःख सांगत नाहीत, त्याच्या शेजारी एक विनोद उभा करतात आणि आपण मागे लपतात. तुझ्या नातीने नेमका तो विनोद ढकलला."

तळणाच्या घाईत मी जे ऐकलं नव्हतं ते हेच. ज्याच्यामागे कुणाचं दुखणं लपलेलं नाही त्याच्यावरच बोट ठेवायचं. बाकी ठिकाणी नाही. चूक माझी आहे, माझ्या पदरात टाक. पण विचारायला तुलाच लागेल. ऑर्लाला विचार, भांडी पुसताना. समोरासमोर बसून विचारलंस तर ती काही सांगणार नाही, असं नोरा म्हणते.

आजी

*

बेलफास्ट
१४ नोव्हेंबर

आजी,

नोराबाई बरोबर होती.

शिवॉनच्या आईला ऑगस्टमध्ये स्ट्रोक आला. उजवा हात चालत नाही, शब्द हळू येतात. बाबा दिवसभर गाईंमध्ये. शिवॉन घरी जाते ती आईला आंघोळ घालायला, आठवड्याचे कपडे धुवायला. पिशवीत आईला लागणाऱ्या वस्तू असतात, वर स्वतःचे कपडे ठेवते, म्हणजे बसमध्ये भेटणाऱ्या गावातल्या बायकांनी विचारलं तर म्हणता येतं, "आळशी आहे हो मी, आईकडून धुऊन घेते." ही तिचीच जोक होती, आजी. ती सगळ्यांना सांगायची. मी तीच तिच्या तोंडावर मारली.

ऑर्ला म्हणाली, "तुला माहीत नव्हतं, इट्स फाइन." पण ते आपलं "फाइन" होतं, फोनवरचं.

मी शिवॉनच्या दाराबाहेर तीनदा उभी राहिले. काय म्हणू? मी फिजिओ शिकते आणि स्ट्रोकवर हसले. मला इथे राहायचा हक्क नाही. फॉर्म पूर्ण भरला आहे. फक्त सही बाकी आहे.

कस्तुरी

*

हॅरो
१८ नोव्हेंबर

चि. कस्तुरी,

सही करायला बारा तारखेपर्यंत वेळ आहे. पेन खाली ठेव आणि आधी हे वाच.

काल मी आणि नोराने दोन किटल्या चहा संपवला. मी म्हणत होते, पोरीने जाऊन पाय धरावेत. नोरा ओरडली, "अजिबात नाही! ती रडली तर शिवॉनलाच तिचे डोळे पुसावे लागतील. त्या पोरीला आधीच पुसायला कमी आहे का?" हे मला पटलं. इस्लामपुरात कुणी गेलं की भेटायला येणाऱ्या काही बायका इतक्या रडायच्या, की घरच्यांना उठून त्यांच्यासाठी चहा टाकावा लागायचा.

नोरा म्हणते दोनच गोष्टी कर. एक, शुक्रवारी पिशवीचा एक बंद तू धर. विचारू नकोस, धर. दोन, आपली शेंडी तिच्या हातात दे. तिला मनसोक्त हसता येईल असं स्वतःचं काहीतरी दे. त्यांच्यात माफी अशीच मागतात.

शेंडी मी पाठवते. सोबतचा फोटो बघ. जून २०१२, राणीला गादीवर बसून साठ वर्षं झाली म्हणून आपल्या गल्लीत टेबलं मांडली होती ते आठवतं? तू पाच वर्षांची. महाराणी व्हायचं म्हणून मला रात्रंदिवस छळलंस. माझ्या हिरव्या पडद्याचा झगा, पुठ्ठ्याचा मुकुट, पुढचे दोन दात गायब, मुकुट चिंचेच्या चटणीत पडलेला, आणि तू नाक गाळत भोकाड पसरलेलं. मागे जी बाई कमरेत वाकून तुला मुजरा करतेय, ती नोरा. म्हणजे बघ, ही तीट तुला पहिल्यांदा लागत नाहीये.

हा फोटो तू आठवीत असताना फाडायला निघाली होतीस. मी तो तांदळाच्या डब्यात लपवला होता.

तुझी आजी

*

बेलफास्ट
३० नोव्हेंबर

प्रिय आजी,

फोटो टेबलावर ठेवला. शिवॉनने उचलला. बराच वेळ बघितला. मग ऑर्लाला म्हणाली, "मी म्हणत नव्हते? हिच्याकडे खरंच मुकुट आहे." ऑर्ला हसून जमिनीवर बसली. मी म्हणाले, "शिवॉन, त्या दिवशी..." तिने मला थांबवलं. "महाराणी खुलासे देत नाहीत." मग शुक्रवारी मी पिशवीचा एक बंद धरला. दुसरा बंद तिने धरला. दोन बसेस, दीड तास.

शिवॉनची आई खिडकीपाशी खुर्चीत होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, जसा दुसऱ्या कोणाचा असावा. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "म्हणजे... ही... महाराणी. मागे तुमच्यातलं कुणी इथे आलं होतं... तेव्हा आमची गाय घेऊन गेलं."

शिवॉनने घाबरून माझ्याकडे बघितलं. आजी, मला नोराबाईचे पणजोबा आठवले. मी चेहरा साळसूद केला. "हो मॅडम, तिच्यासाठीच आले. बाहेर बांधली आहे. दीडशे वर्षं झाली, एक थेंब दूध दिलं नाही. कृपा करून परत घ्या."

मग तिच्या तोंडाची डावी बाजू वर गेली, मग खांदे हलले, मग ती इतकी हसली की बाबा गोठ्यातून धावत आला. शिवॉन दाराकडे तोंड करून उभी राहिली. ऑगस्टनंतर आई पहिल्यांदा हसली, असं मला नंतर म्हणाली.

चहा दिला, मी नको म्हटलं. परत दिला, परत नको म्हटलं. तिसऱ्यांदा घेतला. त्यांना ते खूप आवडलं. मी म्हटलं, आमच्याकडेही असंच असतं.

मग कपडे धुतले. मी एक ओला मोजा आईच्या उजव्या हातात दिला. क्लासमध्ये आम्हाला स्पंज पिळायला देतात, इथे मोजा. पहिल्यांदा काही नाही. सातव्या वेळी एक थेंब पडला. ती थेंबाकडे बघून म्हणाली, "इंग्लिश... कधी सुधारणार नाहीत. घरात आली... आणि मला कामाला लावलं." पुढच्या शुक्रवारी दोन मोजे आण म्हणाली.

आता हा कागद उलटा करून बघ.

तुझी कस्तुरी

ता. क. मागच्या कोपऱ्यात शिवॉन आणि ऑर्लाने तुझ्यासाठी लिहिलं आहे. मी ट्रान्सलेट करते. "आदरणीय आजी, आपले लाडू मिळाले. जिन्याची एक पायरी वर्षभर हलत होती, एका लाडवाने ती ठोकून बसवली. कृपया आणखी पाठवावेत. घराला पायऱ्या पुष्कळ आहेत."

*

हॅरो
६ डिसेंबर

चि. कस्तुरी,

कागद उलटा केला. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण चौकटी दिसल्या आणि खाली सहीची रेघ कोरी दिसली. ती मला वाचता आली. त्या फॉर्मच्या पाठीवर तू पत्र लिहिलंस! नीनाला दाखवलं तर ती रडली, आणि कांद्यामुळे म्हणाली. समोर कांदा नव्हता, दुधी होता. तुझी आईपण हळूहळू आयरिश व्हायला लागली आहे.

आता त्या दोघींच्या लाडवांबद्दल. पहिला अर्धा श्वास मला राग आला, खोटं कशाला सांगू. माझे लाडू? पायरी? आणि मग कस्तुरी, मी अशी हसले की कवळी सांभाळावी लागली. पंधरा वर्षं मी या देशात पाकाचे लाडू वाटते आहे. बाबाच्या हॉस्पिटलात, मंडळात, देवळात, सगळीकडे "लव्हली, लव्हली." एका माणसाने पंधरा वर्षांत सांगितलं नाही, की बाई, तुझा पाक पुढे जातो. ज्यांनी मला कधी पाहिलंही नाही त्या पोरींनी सांगितलं. बेलफास्टहून टपालाने मला तीट आली.

लगेच नोराकडे गेले. दार उघडून तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "ओ गॉड, यू अगेन." मी म्हटलं, "हो, मीच. आणि माझी नात परत येत नाहीये." नोराने चेहरा पाडला. "अरेरे," म्हणाली, "म्हणजे माझे कचऱ्याचे डबे आता कोण ओढणार?" आणि आत वळली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. मी काही विचारलं नाही. मीही शिकले आहे.

मग म्हणाली, "आता तरी सांगते. तुझे लाडू मी पंधरा वर्षं बागेत पुरतेय. बुलडोझर आणला तरी निघणार नाहीत." मी म्हटलं, "तरीच तुझ्या बागेत काही उगवत नाही."

पार्सल सोबत पाठवते. आतला लोकरीचा मोजा शिवॉनच्या आईसाठी आहे, जाड आहे, पाणी जास्त धरतो. वरच्या डब्यातले बेसनाचे लाडू मऊ आहेत, ते तिलाच दे. खालच्या डब्यातले पाकाचे तुमच्या तिघींचे. या वेळी पाक मुद्दाम पुढे जाऊ दिला आहे.

पायऱ्या किती आहेत ते मोजून कळव.

तुझी आजी